साचा नको म्हणता, मग क्रमाचं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, नमस्कार.

शोधनिबंधाच्या मांडणीला ठरलेला क्रम हवा, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती, चर्चा हा प्रयोगशाळेतला साचा इतिहासाच्या अभ्यासकांवर लादू नये, हा पहिला. आणि संशोधन असं सरळ रेषेत घडतच नाही, म्हणून हा साचा लेखकाला खोटं बोलायला लावतो, हा दुसरा.

दुसरा आधी घेतो, कारण तो जास्त वजनदार आहे. नोबेलविजेते पीटर मेडावार यांनी १९६३ साली बीबीसीवरच्या भाषणात हाच प्रश्न विचारला होता: वैज्ञानिक निबंध ही फसवणूक आहे का? त्यांची तक्रार अशी, की निबंध वाचून वाटतं, शास्त्रज्ञाने कोऱ्या मनाने माहिती गोळा केली आणि निष्कर्ष आपोआप निघाला. प्रत्यक्षात अटकळ आधीच डोक्यात असते. म्हणून चर्चा शेवटी न ठेवता सुरुवातीला आणा, असं ते म्हणाले. म्हणजे त्यांनाही क्रम हवाच होता, फक्त वेगळा. माझं म्हणणं इतकंच, की निबंध ही संशोधनाची रोजनिशी नाही. कोणत्या दप्तरात तुमचे दिवस वाया गेले, हे वाचकाला नको असतं. तुम्ही काय पाहिलं आणि त्यावरून काय म्हणता, हे त्याला वेगवेगळं दिसायला हवं, म्हणजे पहिलं मान्य करून दुसऱ्यावर तो भांडू शकेल.

आता इतिहास. आपल्या नागपूरचेच, जुन्या कोरीव लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी घ्या. वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या कोरीव लेखांचा त्यांचा ग्रंथ १९६३चाच, योगायोगाने. ताम्रपट कुठे सापडला, तांब्याचे पत्रे किती, लिपी कोणती, भाषा कशी, दान कुणी कुणाला दिलं, काळ कोणता, गावं आज कुठे. मग ओळीनुसार मूळ पाठ आणि भाषांतर. पुसट अक्षरं कंसात. यात प्रयोगशाळेचं एकही शीर्षक नाही, पण शिस्त तीच. पाठ वेगळा छापलेला असल्यामुळे, मिराशींनी एखादं गाव चुकीचं ओळखलं असं ज्याला वाटतं, तो त्याच ओळीवर बोट ठेवून वाद घालू शकतो. तेव्हा शीर्षकं तुमच्या विषयाची ठेवा, माझी हरकत नाही.

हरकत आहे ती दुसऱ्याच गोष्टीला. समजा, विषय ‘नागपूरचे विणकर आणि एम्प्रेस मिल’ ही कापडगिरणी. आपल्याकडे असा निबंध १७०२ आणि नागपूर वसवणाऱ्या गोंड राजा बख्त बुलंदपासून सुरू होतो, जिल्ह्याचं हवामान सांगतो, आणि १८७७ची मिल येईपर्यंत सहा पानं गेलेली असतात. बाप्पा, नागपूर कुणी वसवलं हे परीक्षकाला माहीत आहे! प्रश्न पहिल्या पानावर हवा: विणकरांचं गिऱ्हाईक नेमकं कशानं तुटलं? १८५३मध्ये नागपूरचे भोसले राजे तिसरे रघुजी वारले, पाठोपाठ राज्य खालसा झालं, दरबार गेला, त्यानं? १८६७मध्ये रेल्वे आली आणि बाहेरचं कापड स्वस्तात पोचू लागलं, त्यानं? की मिलनं? तिन्ही कारणांना एकेक विभाग द्या आणि प्रत्येकात बाजूचा व विरोधातला पुरावा ठेवा. कालक्रमानं लिहिलं तर ही तीन कारणं नुसत्या तीन घटना होतात. एकामागून एक आल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असा भास होतो आणि युक्तिवाद करायचं राहून जातं.

पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचंही तसंच. ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले’ ही यादी कुणी वाचत नाही. कोण दरबार जाण्याला दोष देतं, कोण मिलला, असे गट पाडा. तुमची जागा आपोआप दिसेल.

‘मग लिहिण्याचा ओघ मरतो’ असं तुम्ही म्हणाल. मरत नाही. पहिला खर्डा हवा तसा लिहा. नंतर प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवा आणि सलग वाचा. जिथे अडखळाल तिथे परिच्छेद हलवा किंवा काढा. गोषवारा सगळ्यात शेवटी. आणि निष्कर्ष लिहिताना एखादा नवा कागद आठवला, तर तो तिथे चिकटवू नका. मागे त्याच्या विभागात न्या आणि तिथला दावा अजून उभा राहतो का, ते पुन्हा तपासा.