जंजिऱ्याचा साखळदंडाशी काय संबंध?

मुरूडच्या जंजिरा किल्ल्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'किल्ला साखळीसारखा अभेद्य म्हणून जंजिरा' हे वाक्य खटकलं. हिंदीतल्या 'जंजीर'शी या नावाचा काही संबंध नाही. ती फारसी साखळी. आपला जंजिरा अरबी 'जझीरा'वरून आला, म्हणजे बेट. अल्जीरियाचं अरबी नाव 'अल-जझाइर', म्हणजे बेटं, हे त्याच शब्दाचं अनेकवचन. स्पेनमधलं अल्जेसिरास हे बंदरही त्याच घराण्यातलं. आणि अरबीत द्वीपकल्पालाही जझीराच म्हणतात, 'अल जझीरा' या प्रसिद्ध वृत्तवाहिनीचं नाव तिथूनच आलंय.

मराठीत तर हे एकट्या मुरूडचं नावही नव्हतं. जुन्या कागदांत 'जंजिरे सिंधुदुर्ग', 'जंजिरे विजयदुर्ग' असं सर्रास सापडतं. जंजिरा म्हणजे पाण्यातला किल्ला, बस्स. सिद्दींचा तेवढा ते नाव घेऊन बसला. (आमची आजी जंजिरा संस्थानाला 'हबसाण' म्हणायची, हबशांचा मुलूख म्हणून. तो शब्द आता गावातही कुणी वापरत नाही.)

मी मुरूडचा. राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होडीची वाट बघताना दर सुट्टीत एखादं कुटुंब विचारतंच, "साखळी कुठे बांधलीय हो?" एकदा तर एक वाटाड्याच कुठल्याशा गंजक्या कडीकडे बोट दाखवून 'हीच ती' म्हणत होता. तुमचा लेख वाचून आता त्याला पुरावाच मिळेल, तेव्हा ते वाक्य तेवढं बदला.