‘दुध’ आणि कडेला चढलेला र

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या फ्रेमच्या दुकानापुढचा ओटा म्हणजे आमचा कट्टा. एरवी सेवउसळीच्या प्लेटा आल्याशिवाय इथे विषय निघत नाही. परवा तो प्लेटांच्या आधीच काउंटरवर पसरलेला होता. फ्रेमवाल्या काकांकडे फ्रेमला आलेलं एक चित्र: हाफ इम्पिरियल, म्हणजे १५ बाय २२ इंच, ३०० जीएसएमचा कागद. चित्रकर्ती बौद्धिक दिव्यांग. चित्रात झाड नाही, माणूस नाही, नुसते शब्द. सोमवार ते रविवार, मग दुध, दळण, बस, पपा, पुन्हा सोमवार. खाली पिवळ्या ओळी, त्यांच्यावर गुलाबी, त्यांच्यावर निळ्या. काही अक्षरं देवनागरी, काही गुजराती, आपल्या गावात चालतं तसं. गुजरातीला शिरोरेघ नसते. पण बाईंनी सगळं लिहून झाल्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत लाल रेघा ओढल्यात, गच्चीवरच्या वाळवणाच्या दोऱ्यांसारख्या, आणि गुजराती ‘क’सुद्धा त्यांना टांगलाय.

मास्तरांनी चष्मा पुसला. “दुध ऱ्हस्व लिहिलंय. गुजरातीला रेघ दिलीय. लोकांपुढे मांडायच्या आधी कुणी तरी हात फिरवायला हवा होता.”

“अहो मास्तर, हात फिरवायचा नसतो हेच तर शिकायला आम्हाला वर्षं लागतात,” ताई म्हणाल्या. ताई विशेष शिक्षिका. अशा मुलांबरोबर रंगकाम हे त्यांचं रोजचं. “बाजूला बसणाऱ्याने सामान बघायचं. अक्षरांना हात लावायचा नाही.”

“मग लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे शुद्धलेखनच कच्चं ना? ते सुधारायचं नाही?”

इथे एक गाठ सोडवावी लागते, आणि ती वर्तमानपत्रांतही हमखास पडते. ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणतात ती आपली बौद्धिक अक्षमता. आपल्याकडे त्याच शब्दांनी लोकांना डिस्लेक्सिया आठवतो. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ ही वेगळी नोंद आहे: वाचन, लेखन, गणित अशा गोष्टींत अडचण, बुद्धी शाबूत. ब्रिटनमधलं कलेचं मानाचं टर्नर पारितोषिक २०२५ साली शिल्पकार नेना कालू यांना मिळालं, २५,००० पौंडांचं. लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या कलाकाराला ते पहिल्यांदाच मिळालं. ही बातमी वाचताना डिस्लेक्सिया डोक्यात धरला तर सगळंच चुकतं. कालू फार थोडं बोलतात. त्यांची शिल्पं म्हणजे कापड, टेप, व्हिडिओ कॅसेटची फीत गुंडाळत गुंडाळत वाढवलेले गोळे, आणि चित्रं म्हणजे गरगरत्या रेषा. अक्षर त्यात नाही.

“अक्षरवाला कोण मग?” काकांनी विचारलं.

“डॅन मिलर,” पेंटर म्हणाला. हा फाइन आर्ट्सचा, म्हणजे सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठातला; त्याच्या तोंडी नावं तयार असतात. “कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला क्रिएटिव्ह ग्रोथ म्हणून स्टुडिओ आहे, १९७४पासूनचा. तिथे काम करतो. ऑटिझम आहे. बल्ब, सॉकेट असले शब्द एकावर एक इतके लिहितो की शेवटी काळं मोहोळ दिसतं. २०१७ साली व्हेनिस बिएनालेत, म्हणजे इटलीतल्या त्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात होता. दुसरा मार्लन मलन. मासिकांची मुखपृष्ठं बघून ॲक्रिलिकने रंगवतो आणि मथळ्यातली अक्षरं नुसते आकार म्हणून घेतो. अर्धा शब्द गेला तरी त्याला फिकीर नाही.”

“वाचता येत नसेल तर शब्द कशाला?”

“मास्तर, आपल्या बडोद्याच्या चित्रकार ज्योती भट्टांची छापचित्रं बघा. गुजराती अक्षरं आहेतच की त्यांत. ती वाचायला बसतो का आपण?”

“भट्टांना दूध दीर्घ असतं हे माहीत आहे. माहीत असून मोडणं वेगळं.”

हा मुद्दा वजनदार होता, मान्य करायला हवं. पेंटरने सरळ उत्तर न देता बोट कागदावर ठेवलं. उजव्या कडेला एका ओळीत ‘रविवा’ लिहून जागा संपली होती, आणि उरलेला र वर चढून कडेला उभा राहिला होता. इवलासा, पण पूर्ण. “हे बघा. ओळ मोडून खाली घेतली नाही, र सोडलाही नाही. आणि लाल रेघ ओढताना हात त्या र पर्यंत वर वळवलाय. हे न कळता होत नाही.” रेघ खरंच वळली होती. मास्तरांनी वाकून पाहिलं, बोलले काही नाहीत.

मग गाडी रंगावर गेली आणि पेंटर खुलला. “असल्या थरावर थर कामाला पोस्टर कलर दिला की वाट लागते. तो वाळल्यावरही पाण्याने सुटतो. पिवळ्यावर निळी ओळ ओढली की खालचा पिवळा ब्रशवर येतो, सगळं शेवाळी. ॲक्रिलिक एकदा वाळलं की सुटत नाही. पण वाळू द्यायला हवं. पातळ थराला वीसेक मिनिटं, आणि बोट लावून गार लागलं तर अजून ओल आहे. मे महिन्यात उलटं. ब्रशवरच रंग धरतो, केस ताठ होतात आणि अक्षराची शेपटी तुटते. पॅलेटखाली ओला स्पंज ठेवायचा. आणि ऑइल पेस्टलवर ॲक्रिलिक कधीच नाही. तेलकटावर ते बसत नाही, पापुद्रा निघतो. पेस्टल हवंच असेल तर सगळ्यात शेवटी.”

“या लाल रेघा कशाच्या?” काकांनी नख न लावता विचारलं.

“स्केचपेन. तिथेच घोळ आहे. ती डायची शाई. खिडकीसमोर टांगलंत तर रेघा आधी उडतील आणि अक्षरं लोंबकळत राहतील. पुढच्या वेळी पिगमेंटचा पेंट मार्कर द्या म्हणावं. टोकाची जाडी तीच, हाताला फरक कळणार नाही.”

ताईंना हे पटलं, पण अर्धंच. “मार्कर बदला, पण आधी दोन्ही तिच्यापुढे ठेवा. निवडू दे. रंगांचंही तसंच. चोवीस बाटल्या मांडल्या की हात थिजतो किंवा हाताशी असलेलीच बाटली संपते. सहा ठेवायच्या आणि रोज जागा बदलायच्या. मग कळतं की निळा आवडतो की निळा नुसता जवळ होता.”

“आणि थांबवायचं कधी?” मी विचारलं. मला खरा कस इथे वाटतो. छान दिसतंय म्हणून चौथ्या थराला कागद ओढून घेतला, तर ते चित्र ओढणाऱ्याचं झालं. नाही ओढला तर कधी कधी तपकिरी चिखल होतो.

“ओढायचा नाही,” ताई म्हणाल्या. “शेजारी कोरा कागद ठेवायचा. झालं असेल तर ती आपणहून सरकते. नसेल सरकत तर होऊ दे चिखल. त्या मिलरचं पाचव्या थराला कुणी काढून घेतलं असतं तर?”

पेंटर म्हणाला, चिखल विकला जात नाही. ताई म्हणाल्या, तो तुझा प्रश्न, तिचा नाही. दोघंही हटले नाहीत.

विक्रीचं नाव निघाल्याबरोबर वकीलसाहेब प्लेट ठेवून सरसावले. “चित्र विकलं म्हणून कॉपीराइट जात नाही. तो चित्रकाराचा, हयातभर आणि पुढे ६० वर्षं. पिशव्यांवर, कॅलेंडरवर छापायचं असेल तर वेगळा लेखी करार. आणि २०१६च्या कायद्याने दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. आधार लागला तर मर्यादित पालकत्व, तेही तिच्याशी सल्लामसलत करून. तेव्हा खातं तिच्या नावाचं आणि पावतीवर नावही तिचंच. संस्थेचं नाव खाली, बारीक.”

चित्राखालच्या पट्टीवर दिव्यांग लिहावं का, यावर पाच मिनिटं आरडाओरडा झाला. नाव, साल, माध्यम, माप एवढं पुरे, यावर ताई आणि पेंटर त्या संध्याकाळी पहिल्यांदाच एका बाजूला आले. वकीलसाहेबांचं म्हणणं, तिला विचारा. ते राहूनच गेलं होतं.

काकांना एवढा वेळ नव्हता. त्यांनी माउंटबोर्डाची पट्टी कागदाच्या कडेवर धरली. “नेहमीसारखी खिडकी कापली तर चारी बाजूंनी ५ मिलिमीटर झाकलं जातं. हा वर चढलेला र गेला.”

“मग फ्लोट करा,” पेंटर म्हणाला.

“करतो. कागद पूर्ण उघडा, मागे ॲसिड-फ्री बोर्ड, वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्या गव्हाच्या खळीने. फेव्हिकॉल नाही, सेलोटेप तर नाहीच, पिवळी पडते. खालून मोकळा सोडायचा, पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला जागा हवी. चारी बाजूंनी चिकटवला की लाटा येतात. आणि काच अर्धा इंच वर. ॲक्रिलिक काचेला टेकलं की दमटपणात चिकटतं, मग सोडवताना अक्षर काचेबरोबर येतं.” त्यांनी कागदाच्या पाठीवर, अगदी खालच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने माप टाकलं.

मास्तर उठले, चपला शोधल्या. जाता जाता पुन्हा एकदा वाकले, नाक कागदाला लागेल इतके.

“र ठेवा,” म्हणाले. “दुध मात्र चूकच आहे.”