हद्द कायम

आमच्या आणि शेजारच्या बंगल्यामधली भिंत गेल्या श्रावणात एका रात्री, फारसा गाजावाजा न करता, आडवी झाली. सगळी नव्हे, मधला पंधराएक फुटांचा भाग; पण भिंतीचे दातांसारखे असते, मधले गेले की उरलेल्यांकडेच लोकांचे लक्ष जाते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा आमचे पेठेतले बिऱ्हाड पाण्याखाली गेले, आणि "पुन्हा नदीकाठी राहणार नाही" असे म्हणून वडिलांनी, त्या काळी गावाबाहेर समजल्या जाणाऱ्या कोथरूडला प्लॉट घेतला. त्या प्लॉटवर सर्वांत आधी जे बांधले गेले ते घर नव्हे, ही भिंत. पुणेकर माणूस आधी हद्द आखतो आणि मग तिच्या आत काय करायचे याचा विचार करतो.

शेजारी पूर्वी जे कुटुंब राहत असे त्यांच्याशी पन्हाळीच्या पाण्यावरून आमचा वाद झाला होता, आणि भाषेची कसलीही अडचण नसताना आम्ही बावीस वर्षे एकमेकांशी बोललो नव्हतो. त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंगला विकला आणि ते बावधनला फ्लॅटमध्ये गेले. घेणारे जोडपे तमिळनाडूचे, हिंजवडीला नोकरी करणारे. त्यांना कंपनीने सहा महिन्यांसाठी परदेशी पाठवले, तेव्हा मुलीसह जाताना घर सांभाळायला त्यांनी कुंभकोणमजवळच्या गावातून आईवडिलांना बोलावून घेतले. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी दुधाच्या पिशवीच्या निमित्ताने शोध लावला की तिकडेही "मामी" म्हणजे मामीच. त्यामुळे शेजारीण मामी झाली आणि तिचे यजमान ओघानेच मामा झाले. या प्रकरणात मामा नक्की कोणाचा झाला, हे पुढे येईलच.

मामांचे सारे आयुष्य कावेरीच्या पाण्यावर भातशेती करण्यात गेलेले. त्यांना मराठी येत नव्हते, मला तमिळ येत नव्हते, आणि हिंदी दोघांनाही सारखेच येत नव्हते, म्हणून बोलणी हिंदीतून सुरू झाली. पडलेल्या विटांच्या ढिगाजवळ उभे राहून मी म्हणालो, "मामाजी, ये भिंत आपके अंगण में पड्या, पर पोपडे हमारे बाजू से आये थे. खर्चा निम्मा-निम्मा करेंगे?" मामांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले, मान तिरकी हलवली आणि म्हणाले, "सॉरी, सॉरी." वास्तविक त्यांच्याकडून चूक झालेली नव्हती, पण समोरचा माणूस आपणहून दिलगिरी व्यक्त करत असेल तर ती नाकारणे हे सभ्यतेत बसत नाही. मी मोठ्या मनाने "असू दे, असू दे" म्हणालो आणि घरी येऊन सौभाग्यवतींना सांगितले, "माणूस फार समजूतदार आहे, चूक कबूल केली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी ढिगाजवळ आल्या, बोट रोखून आमच्या सौभाग्यवतींना ठासून म्हणाल्या, "सुवरु! एंग सुवरु!" भिंत पडल्यामुळे डुकरे आत शिरतील अशी भीती सौभाग्यवतींना होतीच, त्यामुळे त्या काठी घेऊन धावल्या आणि अर्धा तास दोघी मिळून कर्दळीच्या मागे डुक्कर शोधत होत्या. मामी का शोधत होत्या हे त्यांनाच ठाऊक. बहुधा सोबत म्हणून. तमिळमध्ये भिंतीला "सुवर" म्हणतात आणि "एंग सुवरु" म्हणजे "आमची भिंत", हे आम्हाला कळायला दिवाळी उजाडावी लागली. तोवर मामींनी आमच्या भिंतीवर रोज सकाळी हक्क सांगितला आणि आम्ही रोज सकाळी "नाही हो, नाही आलं आज" असे म्हणून त्यांना धीर दिला.

भिंत कोणाची हे ठरवायला कागद पाहणे भाग होते, आणि इथे मी स्वतःच्या भाषेत आपटी खाल्ली. वडिलांचे खरेदीखत मी कपाटातून काढले. त्यात लिहिले होते की सदरहू मिळकत "त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह दरोबस्त" वडिलांना मिळाली आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, मी आयुष्यभर मराठी वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचत आलो, आणि तरीही "दरोबस्त" या शब्दापाशी मी दरवाजा बंद झाल्यासारखा थांबलो. दरोबस्त म्हणजे सगळेच्या सगळे, निधी म्हणजे पुरलेले धन, निक्षेप म्हणजे ठेव, म्हणजे वडिलांनी जमिनीखालचा संभाव्य हंडाही विकत घेतला होता. फक्त भिंतीविषयी खतात अक्षर नव्हते. चतुःसीमेत "पूर्वेस लगत प्लॉट" एवढेच. पुरलेल्या हंड्याची काळजी करणाऱ्या कायद्याला उभ्या भिंतीची करावीशी वाटू नये, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

खत घेऊन मी मामांकडे गेलो. त्यांनी ते उलटसुलट पाहिले, त्यावरच्या स्टॅम्पला आदराने स्पर्श केला आणि विचारले, "सार्, पट्टा?" मला सार् म्हणतात याची मला तोवर सवय झाली होती, जरी प्रत्येक वेळी टोमॅटोच्या साराची आठवण होई. मी म्हणालो, "पट्टा कशाला? आम्ही कुत्रा पाळत नाही." मामा पुन्हा म्हणाले, "पट्टा, पट्टा!" मी घरी जाऊन, शेजारधर्म म्हणून, माझा कमरेचा जुना पट्टा आणून दिला. मामांनी तो हातात घेतला, माझ्याकडे आणि माझ्या पॅंटकडे काळजीने पाहिले आणि तो परत केला. तमिळनाडूत जमिनीच्या मालकीच्या सरकारी उताऱ्याला पट्टा म्हणतात. आपल्याकडे शेताचा सातबारा आणि शहरात मिळकत पत्रिका, तसा तो. म्हणजे मामा अत्यंत रास्त आणि कायदेशीर प्रश्न विचारत होते, आणि उत्तरादाखल मी त्यांना चामड्याचा तुकडा दाखवला होता.

क्षेत्रफळाच्या बाबतीतही असेच झाले. "कित्तना सेंट?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी मनगट पुढे करून, मी काही लावत नाही, हे सिद्ध केले. पण मामा शेतकरी होते, हार मानणारे नव्हते. त्यांनी काडीने मातीत चौकोन काढला, त्याचे शंभर भाग केल्याची खूण केली आणि म्हणाले, "येक्कर." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एकराचा शंभरावा भाग म्हणजे सेंट, चाळिसावा भाग म्हणजे गुंठा. म्हणजे आमचा एक गुंठा बरोबर त्यांचे अडीच सेंट. मी काडी घेतली आणि शेजारी ३३ फूट गुणिले ३३ फूट असे दाखवले. मोजणीची जुनी शंकू साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस १०८९ चौरस फुटांचा गुंठा, हे मामांना पहिल्यांदाच कळत असूनही ते आनंदाने उठून उभे राहिले. त्या दिवशी मामींनी मला स्टीलच्या पेल्यात फिल्टर कॉफी दिली. पेला इतका तापलेला होता की मी तो टाकलाही असता. पण वाटाघाटी चालू असताना हातातले काही सोडू नये, म्हणून धरून ठेवला.

या यशाने मी चेकाळलो आणि भलतीच घाई केली. माझा अंदाज असा होता की पूर्वीच्या शेजाऱ्यांनी भिंत दुरुस्त करताना ती थोडी आमच्या बाजूला सरकवली असावी. कॅलेंडरच्या पाठीमागे मी नकाशा काढला, भिंतीपासून मामांच्या घराकडे बाण काढला आणि त्यावर सुबक अक्षरात "१ फू." असे लिहून मामांना दिले. मामांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग ते टेप घेऊन अंगणात गेले आणि एकेक पाऊल मोजत भिंतीपासून निघाले ते थेट स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत डोकावले. आत मामी डोसे घालत होत्या. मामा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की मला वाटले, त्यांना घेरी आली. पुढचे आठ दिवस मामींनी "वांग, वांग" असे स्वागत केले नाही, आणि शेवग्याच्या शेंगाही आल्या नाहीत. देवनागरी एकाचा आकडा तमिळ माणसाला इंग्रजी नवासारखा दिसतो, हे मला कोणत्याच शाळेने शिकवले नव्हते. मी एक फूट मागितला होता आणि त्यांच्या हिशेबाने मी त्यांचा ओटा, गॅसची शेगडी आणि मामी यांच्यासह नऊ फूट दरोबस्त मागत होतो.

मामांच्या मुलाला परदेशी फोन लावला असता तो "अंकल, प्लीज अॅडजस्ट कर लो" एवढेच म्हणाला. मोबाइलवरचे भाषांतराचे यंत्रही वापरून पाहिले. "आपण सामोपचाराने तोडगा काढू" असे मी त्यात बोललो, त्यातून एक बाई दीड मिनिट तमिळ बोलल्या, आणि मामा हात जोडून घरात निघून गेले. तेव्हा हद्द कायम मोजणीचा अर्ज करण्यावाचून इलाज उरला नाही.

अर्ज केल्यावर मोजणीपूर्वी लगतच्या धारकांना नोटीस जाते. ती मराठीत असते, आणि मामांच्या परिचयातला मराठी वाचणारा मनुष्य म्हणजे मी एकटाच. त्यामुळे माझ्याच अर्जावरून त्यांना निघालेली नोटीस वाचून दाखवायची कामगिरी माझ्यावर आली. मजकूर असा होता की नमूद तारखेस समक्ष हजर राहावे, गैरहजर राहिल्यास आपल्या पश्चात मोजणी करण्यात येईल व मागाहून तक्रार चालणार नाही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मामाजी, मंगलवार. ग्यारह बजे. सरकारी साहब आयेगा. आप आना. चाय." मामा म्हणाले, "सॉरी, सॉरी." मला गलबलून आले.

दिवाळीच्या तोंडावर मुलगा परत आला, आणि त्याच्यासोबत त्याची पाचवीतली मुलगी. इथल्या शाळेत जात असल्याने ती माझ्याहून शुद्ध मराठी बोलत होती. तिला आम्ही दोन खुर्च्यांच्या मध्ये बसवले आणि श्रावणापासून जे बोललो ते सारे पुन्हा बोललो. हे फार चुकीचे झाले. तिने डुक्कर, पट्टा आणि नऊ फूट यांचा उलगडा केला तेव्हा आम्ही हसलो, पण नंतर ती म्हणाली, "आणि आजोबा सॉरी नाही म्हणत काही! ते सरि म्हणतात. सरि म्हणजे ठीक आहे." मी म्हणालो, "म्हणजे त्यांनी चूक कबूल केलेली नाही?" तिने विचारले. मामा म्हणाले, आणि तिने जसेच्या तसे सांगितले, "चूक कसली? भिंत यांच्या बाजूने ओलीने पोखरली, नुकसान माझ्या कर्दळीचे झाले. हे 'असू दे' म्हणतात म्हणून मी गप्प होतो." त्यानंतर वीस मिनिटे आमचे असे कडाक्याचे भांडण झाले की मला जुन्या शेजाऱ्यांची आठवण आली. मुलगी मात्र "तू जरा हळू बोल ना, मला सगळं सांगता येत नाही" असे दोन्ही बाजूंना बजावत होती.

मंगळवारी भूकरमापक आले. पूर्वी साखळी आणि फळी असे. यांच्याकडे काठीवर बसवलेला, उपग्रहाशी बोलणारा रोव्हर होता. त्यांनी तासभर तो इकडून तिकडे नेला, खुणा केल्या आणि जबाब लिहिला. त्यात "लगत धारक यांनी दर्शविलेली वहिवाट" असे शब्द होते, ते मी मुलीला वाचून दाखवले, तर ती म्हणाली, "हे मराठी नाहीये." मामांनी तमिळमध्ये सही केली, मी मराठीत. निकाल असा लागला की भिंत आमच्या बाजूला सरकलेली नव्हती. ती वडिलांनीच, भरल्या उत्साहात, सात इंच पलीकडच्या जमिनीत बांधली होती. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले नाही, हे त्यांचे माझ्यावरचे उपकार आहेत.

खर्च निम्मा-निम्मा ठरला. गवंडी यायला मार्गशीर्ष उजाडला. तोवर जमिनीवरच्या खुणा पावलांनी आणि पाइपच्या पाण्याने पुसल्या गेल्या होत्या. मुलगी शाळेत, मुलगा हिंजवडीत. मोजणीच्या दिवशी कॅलेंडरच्या पाठीमागे मी लिहून ठेवलेला "७ इंच" हा आकडा तेवढा शिल्लक होता. मामांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग गवंड्यापुढे एका हाताची पाच बोटे आणि दुसऱ्या हाताचा अंगठा वर करून ते म्हणाले, "सिक्स."

गवंड्याने खात्रीसाठी माझ्याकडे पाहिले. मी मान तिरकी हलवली आणि म्हणालो, "सरि, सरि."