माणसं मोजून वणवा कळत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘येऊरचा वणवा माणूसच लावतो. मग माणसं मोजा, आगी कळतील. आणि राब भाजणं बंद करा, प्रश्न मिटेल,’ असं घोडबंदरहून तुम्ही लिहिलंत. (येऊर म्हणजे ठाण्यालगतचं जंगल; राब म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची जमीन पेरणीआधी भाजणं.) पहिलं वाक्य मान्य. पुढची दोन पटत नाहीत.

माणसं मोजून आग काढायचं सूत्र जुनंच आहे : लोकवस्ती दाटली की ठिणग्या वाढतात, आणखी दाटली की विझवणारे वाढतात. पण जगभरच्या आगींचा अंदाज करणाऱ्या अशा एका संगणकीय मॉडेलमधला एक चौकोन १.८७५ बाय १.२५ अंशांचा, म्हणजे आपल्या अक्षांशावर सुमारे १९५ बाय १४० किलोमीटर. एवढ्यात मुंबई, ठाणे, शहापूर आणि नाशिकही मावेल. त्याची सरासरी घनता काय सांगणार? ठाणे शहरातल्या नौपाड्यात कुणी शेत भाजत नाही! म्हणून लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी ‘व्हॅम’ (WHAM) या आगींच्या मॉडेलमध्ये आधी जमीन कोण कशी वापरतो ते ठरवलं : फिरती शेती, बाजाराची शेती, गुरं, वन-व्यवस्थापन. मग ज्याची त्याची आग. हाताबाहेर गेलेली आग वेगळी धरली.

आता राब. हेक्टरभर भाताला साधारण १० गुंठे रोपवाटिका लागते. शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत, वर मातीचा पातळ थर; आणि पेटवायचं वारा जिकडे जातो त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध धुमसत सरकते. ती निसटते ती बांधालगतचं गवत काढलेलं नसलं, भर दुपारी पेटवलं किंवा राखणीला कुणी थांबलं नाही तर. टहाळासाठी झाडं ओरबाडणं थांबावं, हे मलाही वाटतं. पण उतारावरचं गवत पेटवणारा राबवाला नसेल, तर बंदीने काय साधणार?

शिवाय मोडिस या नासाच्या उपग्रहांवरच्या उपकरणाच्या जळीत-नकाशाचा ठिपका ५०० मीटरचा, म्हणजे २५ हेक्टर. त्यात १० गुंठे दिसतच नाहीत. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या २० मीटरच्या चित्रांवरून २०१६ चं सहाराखालच्या आफ्रिकेतलं जळीत मोडिसपेक्षा सुमारे ८० टक्के जास्त भरलं. नुसत्या मोडिसवर जुळवलेलं मॉडेल छोट्या आगी शून्य धरतं.

आणि माणसं वाढली की आगी वाढतातच असंही नाही : १९९८ ते २०१५ मध्ये जगातलं जळीत क्षेत्र सुमारे २५ टक्के घटलं, ते मुख्यतः गवताळ प्रदेशांत शेती आणि चराई वाढल्यामुळे.

येऊरचा नकाशा करायचाच असेल तर फेब्रुवारी ते मे सेंटिनेल-२ ची दर पाच दिवसांची चित्रं जोडीजोडीने ताडून बघा, आणि वनखात्याने जाळलेल्या जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मुद्दाम जाळलेले पट्टे) आधी वगळा. नाहीतर त्याही वणव्यात मोजल्या जातील.