त्या फोटोतल्या माणसांबद्दल

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. मालगाडीचे डबे आडवे पडलेत, कोळसा सांडलाय आणि बाजूला खडीवर सात-आठ माणसं बसून डबा खातायत. अंगात केशरी जॅकेट, हेल्मेट शेजारी काढून ठेवलेलं. खाली कुणीतरी लिहिलंय, "पब्लिक गाडीत अडकलंय आणि यांची पिकनिक चालू आहे." त्यावर हसण्याचे इमोजी पडतच होते. फोटो कुठला, कधीचा, कुणाला माहीत नाही आणि कुणी विचारलंही नाही. दुपारपर्यंत गप्प बसले, आता नाही बसवत, म्हणून इथे लिहितेय.

माझे वडील भुसावळला ब्रेकडाऊनला होते. रेल्वेच्या घरातल्यांना हे एवढं सांगितलं की कळतं. बाकीच्यांसाठी, गाडी घसरली की जी क्रेन आणि जॅक घेऊन जाते ती ब्रेकडाऊन गाडी, आणि तिच्यावर काम करणारे कामगार म्हणजे खलाशी. मोबाईल नव्हते तेव्हा शेडचा भोंगा व्हायचा. किती वेळा वाजला यावरून आई ओळखायची की काय झालंय. दिवसा अर्ध्या तासात आणि रात्री पाऊण तासात गाडी यार्डातून निघाली पाहिजे असा हिशोब, म्हणजे माणसाने घरून त्याच्याही आधी निघायचं. दाराच्या मागे खिळ्याला पिशवी कायम भरलेली असायची, टॉवेल, बॅटरी, एक जुना शर्ट. आई तेवढ्यात भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून द्यायची. जेवायला बसलेला माणूस ताट सरकवून उठायचा, आणि कधी येणार हे विचारायचं नाही हा आमच्या घरातला नियम होता.

तर फोटोतली माणसं बसलीत का, ते ऐका. रुळाच्या वर पंचवीस हजार व्होल्टची तार असते. त्या तारेखाली क्रेनचा बूम, म्हणजे तिचा लांब हात, उचलता येत नाही. आधी पॉवर ब्लॉक लागतो, करंट बंद झाल्याचं पक्कं कळावं लागतं, तारेला अर्थिंग करावं लागतं, म्हणजे ती जमिनीला जोडावी लागते, मग टॉवर वॅगनवाले, म्हणजे वरच्या तारेचं काम करणारी गाडी घेऊन येणारे, ती बाजूला ओढून बांधतात. तोपर्यंत खालच्या माणसाने काय करायचं? बसायचं. आणि बसायला मिळालं की खाऊन घ्यायचं, कारण पुढची दहा-बारा तास मिळेल की नाही हे त्यालाच माहीत नसतं. यात पिकनिक कुठे दिसली तुम्हाला?

वडिलांची एक गोष्ट आहे, ती त्यांनी आयुष्यभर सांगितली. मे महिना, वऱ्हाडातलं ऊन, कोळशाच्या भरलेल्या वॅगन घसरलेल्या. मागे एक एक्सप्रेस अडकली होती आणि तिच्यातले लोक उतरून चालत चालत बघायला आले. त्यातला एक जण ओरडला, "पगार कशाचा घेता रे?" वडील तेव्हा वॅगनला लावलेल्या स्लिंगचा दोर धरून उभे होते. वर लोड लटकत होता, सोडता येत नाही, मान वळवता येत नाही. उत्तर द्यायचंच राहिलं. रिटायर झाल्यावरही मधेच म्हणायचे, "त्याला काहीतरी बोलायला पाहिजे होतं."

आज ते नाहीत. म्हणून मी बोलतेय.

डबा रुळावर चढवणं म्हणजे काय ते मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की न बघताही डोळ्यासमोर येतं. क्रेन लांबची गोष्ट, बरेचदा जॅकवरच काम असतं. डबा उभाच असेल, नुसती चाकं खाली उतरली असतील, तर जॅक लावायचा, थोडा उचलायचा, खाली लाकडी ठोकळा सरकवायचा, परत उचलायचा, परत ठोकळा. मग आडवा ढकलत ढकलत चाक रुळाच्या वर आणायचं आणि हळू खाली सोडायचं. भरलेली कोळशाची वॅगन ऐंशी-नव्वद टनाची. ठोकळा घसरला तर हात गेला. वडिलांच्या एका जोडीदाराची दोन बोटं अशीच गेली, आम्ही त्यांना काका म्हणायचो, आणि मला लहानपणी वाटायचं की त्यांचा हात जन्मापासूनच तसा आहे.

आणि डबे आडवे झाले असतील तर वेगळीच तऱ्हा. पोकलेनने माल उपसा, डबा ओढून शेतात टाका, मग खाली बघा तर रूळ वाकलेले, रुळाखालचे आडवे स्लीपर फुटलेले. एक चाक खाली उतरून गाडी थोडी जरी पुढे गेली तरी मागे स्लीपरची रांगच्या रांग चेचत जाते. एकेक सिमेंटचा स्लीपर अडीचशे किलोच्या वर. ते सगळं काढून नवीन ट्रॅक टाकायचा, खडी भरायची, ती स्लीपरखाली ठोकून पॅकिंग करायचं, आणि मग पहिली गाडी दहा-वीसच्या स्पीडने सोडायची. ती जाताना हीच माणसं शेजारी उभी राहून चाकाखालचा रूळ किती दबतोय ते बघत असतात. आत आपण म्हणत असतो, ही काय बैलगाडीसारखी चाललीय!

२०२२ ची दिवाळी आठवते? २३ ऑक्टोबरच्या रात्री, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री, अमरावती जिल्ह्यात मालखेड आणि टिमटाळाच्या मधे कोळशाच्या मालगाडीचे वीस डबे घसरले. वीस! बडनेरा-वर्धा लाईन बंद. दिवाळीला घरी जाणाऱ्यांचे हाल झाले, खरंय, बातम्यांमधे तेच होतं. पण तिथे जी शेकडो माणसं कामाला लागली त्यांनाही घरी दिवाळी होती ना? त्यांच्या बायकांनीही उटणं भिजवलं असेल. आणि तो कोळसा कशासाठी असतो? दीपनगर, कोराडी, चंद्रपूर, आपल्याकडे वीज कशावर होते? आपण आकाशकंदील लावतो त्याच्या मागे मालगाडी आहे. ती वेळेवर आली तर आपल्याला दिसतही नाही, घसरली की शिवी.

पालघरचंही तेच. २८ मे २०२४ ला स्टेशनातच स्टीलच्या कॉइल नेणारी गाडी घसरली, कॉइल रुळांवर पडल्या. डहाणू-विरारच्या लोकांचे दुसऱ्या दिवशीही हाल झाले. ती कॉइल म्हणजे कित्येक टनांचा गोळा, गडगडला तर खाली कोण सापडेल सांगता येत नाही. रात्रीतून हलवून दाखवा म्हणावं.

हो, मान्य आहे, गाडी घसरूच नये. कुणाची तरी चूक असतेच बरेचदा. आणि ३० सप्टेंबर २०२३ ला पनवेलजवळ मालगाडी घसरली तेव्हा गणपती करून कोकणातून परत येणारे लोक लहान पोरांना घेऊन तासन् तास अडकले, त्यांना धड कुणी काही सांगत नव्हतं, तो राग चुकीचा नव्हता. पण तो राग ज्याच्यावर काढायचा तो माणूस खडीवर बसलेला नसतो हो.

आता जे खरं बोलायचंय ते. गाडी घसरते का? थंडीत रूळ आकसतो आणि तडकतो, उन्हात प्रसरण पावून वाकतो, वॅगनचं बेअरिंग तापून ॲक्सल तुटतो, माल एका बाजूला जास्त भरलेला असतो. यातलं बरंचसं आधी पकडता येतं. पण पकडायला माणूस लागतो आणि लाईन रिकामी लागते. थंडीच्या रात्री हातात बॅटरी घेऊन मैलोन् मैल रूळ बघत चालणारा पेट्रोलमन लागतो. आणि ब्लॉक लागतो. हाच आपला रविवारचा मेगाब्लॉक, ज्याच्या नावाने आपण बोटं मोडतो. ब्लॉक घेतला तरी शिव्या, नाही घेतला आणि गाडी घसरली तरी शिव्या. दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा. मीही कल्याणला राहते, रविवारी माझेही हाल होतात, तरी सांगते, ब्लॉक अजून जास्त घ्या आणि ट्रॅकवर काम करणाऱ्या माणसांच्या रिकाम्या जागा आधी भरा. गाडी आपोआप थांबवणारी "कवच" यंत्रणा येतेय म्हणून सगळे खूश आहेत, चांगलंच आहे ते, पण ते गाड्या एकमेकांवर आदळू नयेत म्हणून आहे, तडकलेला रूळ ते सांधत नाही.

माणूस मेला नाही तर मालगाडीच्या अपघाताला आपण अपघातच म्हणत नाही, "वाहतूक विस्कळीत" म्हणतो. वडिलांना तो शब्द फार लागायचा. ते म्हणायचे, विस्कळीत काय, तिथे माणसं वॅगनखाली झोपून काम करतायत.

लिहिताना सुरुवातीला हात थरथरत होता, आता जरा शांत झालंय. ज्यांनी फोटो टाकला त्यांचं नाव मी घेणार नाही, चांगले गृहस्थ आहेत, मागच्या वर्षी आई दवाखान्यात होती तेव्हा रात्री दोनला गाडी काढली होती त्यांनी. त्यांना माहीत नसेल एवढंच. संध्याकाळी खाली भेटले तर समोर बसून सगळं सांगणार आहे, दोरासकट.

आणि माझ्या लिस्टमधे भुसावळ, दौंड, कल्याण, अजनी कुठलेही रेल्वेवाले असतील, ज्यांच्या घरातलं माणूस ब्रेकडाऊनला किंवा ट्रॅकवरच्या गँगमधे होतं किंवा आहे, त्यांनी खाली लिहा. कुठे होते, काय काम करायचे, घरी आल्यावर पहिलं काय मागायचे. मी सगळं वाचणार आहे.