रजाचिठ्ठीच्या अर्जातील सगळ्या त्रुटी एकदाच कळवा

बडोद्यात दांडिया बाजारालगतचे आमचे लाकडी माडीचे घर उतरवून त्याच जागेवर दोन मजली घर बांधण्यासाठी आम्ही महापालिकेकडे रजाचिठ्ठीचा, म्हणजे बांधकाम परवानगीचा, अर्ज केला होता. रजाचिठ्ठी अखेर मिळाली आणि पायाही भरला, त्यामुळे हे रागाच्या भरात लिहीत नाही. मागणी एकच आहे: अर्जातील सर्व त्रुटी पहिल्याच तपासणीत, एकाच पत्रात, नियमाच्या क्रमांकासह कळवल्या जाव्यात.

आमची पहिली त्रुटी निघाली क्षेत्रफळाची. प्रॉपर्टी कार्डावर 62 चौरस मीटर आणि जागेवर 60, कारण शेजाऱ्यांच्या आणि आमच्या घरात एकच सामाईक भिंत आहे. जुन्या शहरात अशा भिंती घरोघरी आहेत. आर्किटेक्टने नकाशा सुधारून भरला, तेव्हा रस्त्याच्या रुंदीचा दाखला हवा असे कळले. तो दिल्यावर कळले की कार्डावर अजून आजोबांचेच नाव असल्याने सर्व वारसांची संमती लागेल. ऐंशी ओलांडलेल्या काकूंना रिक्षातून नोटरीकडे नेले. तिथे जिना चढवेना, म्हणून नोटरींनीच रजिस्टर खाली आणून पायरीवर त्यांची सही घेतली. या तिन्ही गोष्टी पहिल्याच नकाशात आणि पहिल्याच कार्डावर दिसत होत्या, तरी त्या तीन वेगवेगळ्या महिन्यांत विचारल्या गेल्या.

1976 च्या गुजरात नगररचना व नगरविकास कायद्यात, तीन महिन्यांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे. आमच्या बाबतीत मात्र प्रत्येक दुरुस्तीनंतर मुदत नव्याने मोजली गेली, आणि तसे झाले नसते तरी अशा मानीव परवानगीवर बँकेने कर्जाचा हप्ता सोडला नसता. म्हणून त्रुटी कळवल्यापासून ती दूर होईपर्यंतचे दिवस फार तर वगळावेत, मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करू नये.

2017 च्या सर्वसमावेशक विकास नियंत्रण नियमावलीमुळे राज्यभर नियम बरेचसे एकसारखे झाले, अर्जही ऑनलाइन झाले, हे मला मनापासून चांगले वाटते. नकाशातील मार्जिन (घराभोवती सोडायची मोकळी जागा) आणि एफएसआय (जागेच्या मानाने बांधकामाचे प्रमाण) संगणकाने तपासणे हे माणसाच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा केव्हाही बरे. परंतु सामाईक भिंतीचे घर, वळणावर अरुंद होणारी गल्ली, तीन पिढ्यांची वारसनोंद यांचा उलगडा जागेवर येऊन पाहिल्याखेरीज होत नाही, आणि ती पाहणी अर्ज दाखल झाल्यावर पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी.

या विलंबाचा परिणाम आमच्या गल्लीतच ऐकू येतो. ‘आधी बांधून घ्या, पुढे इम्पॅक्ट फी भरू,’ हा सल्ला मला चार जणांनी दिला, आणि त्यांना दोष कसा द्यावा? अशी फी घेऊन अनधिकृत बांधकामे नियमित करणारे कायदे या राज्यात 2001, 2011 आणि 2022 असे तीनदा आले. नियमाने अर्ज करणारा थांबून राहतो आणि न विचारता बांधणाऱ्याला पुढे सवलत मिळते.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घराघरांत शिरले, ते आपण सर्वांनी पाहिले. नदीकाठच्या आणि कोतरांतल्या (घळींतल्या) बांधकामांचे अर्ज अधिकाऱ्यांनी जागेवर जाऊन, भरावाची पातळी मोजून, हवा तेवढा वेळ घेऊन तपासावेत. त्रुटी एकदाच कळवल्या, तर आमच्यासारख्या 60 चौरस मीटरच्या घरावर जाणारे त्यांचे दिवस त्या कामासाठी मोकळे होतील.