पेलिनबाईंमुळे मॅकेन हरला म्हणे

अमेरिकेत उपाध्यक्षपदासाठी एखाद्या बाईचं नाव नुसतं चर्चेत आलं तरी एक जुना फॉरवर्ड परत डोकं वर काढतो. गोष्ट अशी की २००८ ला रिपब्लिकन पक्षाचा जॉन मॅकेन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकत आला होता, मग त्याला दुर्बुद्धी सुचली, डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीत हिलरी क्लिंटन ओबामाकडून हरल्यामुळे रुसलेल्या बायकांची मतं ओढायला त्यानं अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिनला रनिंग मेट, म्हणजे उपाध्यक्षपदाची उमेदवार केलं, बायका म्हणाल्या आम्हाला काय मूर्ख समजता का, आणि सगळ्या उठून ओबामाकडे गेल्या. खाली तात्पर्य: बाईला तिकिटावर (म्हणजे अध्यक्ष-उपाध्यक्षपदाच्या जोडीत) घेतलं की तिकीट बुडतं, १९८४ ला डेमोक्रॅट्सनी उपाध्यक्षपदासाठी उभ्या केलेल्या जेराल्डिन फेरारोच्या वेळी पण हेच झालं. वाचायला मस्त आहे, बायकांचं कौतुकही होतं आणि टोमणाही बसतो, त्यामुळे दोन्ही बाजूचे लोक पुढे ढकलतात. पण एकेक वाक्य सुटं करून बघितलं तर हातात फार थोडं राहतं.

पहिलं, "जिंकत आला होता". कुठून? बुशची आठ वर्षं संपत आलेली, इराक चालूच, लोक बुशला अक्षरशः विटलेले आणि मॅकेन त्याच पक्षाचा. उन्हाळाभर बहुतेक पोलमध्ये ओबामाच थोडा पुढे होता. २९ ऑगस्टला ओहायोत डेटनला पेलिनचं नाव जाहीर झालं, ३ सप्टेंबरला सेंट पॉलला पक्षाच्या अधिवेशनात तिचं भाषण झालं, पावणेचार कोटींच्या आसपास लोकांनी टीव्हीवर बघितलं, आणि पुढच्याच आठवड्यात गॅलपच्या पोलमध्ये मॅकेन ४९-४४ नं पुढे. म्हणजे मॅकेन स्पष्टपणे पुढे दिसला तो बाई आल्यावर. अधिवेशन झालं की कोणालाही थोडी उसळी मिळतेच, त्यामुळे सगळं श्रेय पेलिनला द्या असं मी म्हणत नाहीये, पण तिच्या येण्यानं तिकीट त्याच क्षणी बुडालं हे तर आकड्यांच्या बरोब्बर उलटं आहे.

दुसरं, "हिलरीच्या बायकांसाठी आणली". हे अर्धं खरं आहे. डेटनच्या भाषणात पेलिननं स्वतः फेरारो आणि हिलरीचं नाव घेऊन कौतुक केलं होतं, ते काय उगाच नव्हतं. पण मॅकेनच्या मनात मूळ नाव होतं जो लीबरमनचं, म्हणजे जुना डेमोक्रॅट, गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचा, आणि ते नाव घेतलं असतं तर पक्षातल्या गर्भपातविरोधी लोकांनी अधिवेशनातच बंड केलं असतं अशी भीती सल्लागारांना होती. ही खरी अडचण होती, घरचीच माणसं थंड होती! फोकस ऑन द फॅमिली या कट्टर ख्रिस्ती संस्थेवाला जेम्स डॉबसन, ज्याचं चर्चवाल्या मतदारांत मोठं वजन, तो फेब्रुवारीत म्हणत होता मी मॅकेनला मत देणार नाही, पेलिनचं नाव आल्यावर तो एकदम तयार झाला. एप्रिलमध्येच तिला डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ झालं होतं, ते आधी माहीत असूनही तिनं जन्म दिला होता, आणि गर्भपातविरोधी घरातल्या बायकांना तिच्याबद्दल जे वाटलं ते हिलरीवाल्या बायकांना कधी वाटणारच नव्हतं, कारण पेलिन बलात्कारातून राहिलेल्या गर्भाच्या बाबतीतही गर्भपाताच्या विरोधात होती. दोघी बाई आहेत एवढ्यावर हिलरीची मतदार पेलिनला मत देईल असं खरंच मानणारे काही जण मॅकेनच्या टीममध्ये असतीलही, पण मोठा फायदा मिळाला तो घरातच मिळाला.

तिसरं, आणि हा या फॉरवर्डचा गाभा, "बायका चिडून ओबामाकडे गेल्या". आधी सप्टेंबर बघा. एबीसी आणि वॉशिंग्टन पोस्टच्या पोलमध्ये अधिवेशनांच्या आधी गोऱ्या बायकांत ओबामा ५०-४२ नं पुढे होता, नंतर मॅकेन ५३-४१ नं पुढे. अपमान झालेल्या बायका अशा वागतात? आता नोव्हेंबर बघा, एक्झिट पोलचे आकडे आहेत. २००४ ला बुशला बायकांची ४८ टक्के मतं होती, २००८ ला मॅकेनला ४३. पाच टक्के गेली, बरोबर. पण पुरुषांत बुशला ५५ होती आणि मॅकेनला ४८, म्हणजे सात गेली! नुसत्या गोऱ्या मतदारांत तर आणखी गंमत आहे, बायकांत ५५ वरून ५३ आणि पुरुषांत ६२ वरून ५७. पेलिनला बघून जर कोणी पळालं असेल तर मग बाप्येच जास्त पळाले म्हणायचे, पण असा मेसेज काही कोणी बनवलेला दिसत नाही. सरळ गोष्ट आहे, त्या वर्षी रिपब्लिकन पक्ष सगळीकडेच घसरला, आणि बायकांत थोडा कमी घसरला. हिलरीच्या ज्या रुसलेल्या बायका टीव्हीवर रोज दिसायच्या त्याही शेवटी पक्षाबरोबरच राहिल्या, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, हिलरीला मत दिलेल्या डेमोक्रॅट्सपैकी ८० टक्क्यांहून जास्त ओबामाकडे गेले.

मग सप्टेंबर ते नोव्हेंबर झालं काय? १५ सप्टेंबरला लीमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली. त्याच दिवशी मॅकेन फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला म्हणाला की अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत आहे. लोकांच्या पेन्शनचे पैसे डोळ्यादेखत विरघळत होते आणि हा माणूस पाया मजबूत म्हणतोय. २४ ला त्यानं प्रचार थांबवतो म्हणून जाहीर केलं आणि वॉशिंग्टनला गेला, २९ ला बँकांना वाचवायचं बिल हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात पडलं, आणि ते पाडण्यात त्याच्याच पक्षाचे लोक जास्त, डाऊ हा शेअर बाजाराचा निर्देशांक एका दिवसात ७७७ पॉइंट पडला. यात पेलिन कुठे आहे सांगा. एक्झिट पोलमध्ये ६३ टक्के लोकांनी अर्थव्यवस्था हाच सगळ्यात मोठा मुद्दा सांगितला होता.

हो, टीव्ही पत्रकार केटी कुरिकनं घेतलेली पेलिनची मुलाखत त्याच आठवड्यात आली आणि ती वाईट गेली, तुम्ही कुठले पेपर वाचता या साध्या प्रश्नावर बाई अडखळली. ६० टक्के मतदारांनी ती पदासाठी लायक नाही असं सांगितलं होतं, हे मी झाकत नाही. पण "लायक नाही" म्हणणाऱ्यांत मुळातच ओबामाला मत देणारे किती असतील याचा विचार करा. पेलिनमुळे नुकसान झालं असं मांडणारे अभ्यासक आहेत, पण त्यांचाही अंदाज ओबामा-मॅकेनमधल्या सात टक्क्यांच्या फरकाच्या जवळपास जात नाही. (आणि ते "माझ्या घरातून रशिया दिसतो" वाक्य पेलिनचं नाहीच, ते विनोदी अभिनेत्री टीना फेनं तिची नक्कल करताना म्हटलेलं. पेलिन म्हणाली होती अलास्काच्या एका बेटावरून रशिया दिसतो, आणि तो दिसतो, एक अमेरिकेचं आणि एक रशियाचं अशा दोन्ही डायोमीड बेटांत चारेक किलोमीटर पाणी आहे फक्त.)

आता फेरारो. हिच्यावर तर फारच अन्याय आहे. १९८४ ला डेमोक्रॅट उमेदवार वॉल्टर मॉन्डेलनं तिला घेतलं तेव्हा समोर रीगन होता, अर्थव्यवस्था त्या वर्षी सात टक्क्यांच्या वर वाढत होती, आणि मॉन्डेलनं अधिवेशनात उभं राहून सांगितलं की टॅक्स मी वाढवणार. वर तो ४९ राज्यं हरला ते न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एका खासदारबाईमुळे म्हणे! नवऱ्याच्या टॅक्सच्या कागदांवरून तिला त्रास झाला, तो मुद्दा खरा होता, त्यावर तिनं दीड तासाच्या वर पत्रकारांसमोर उभं राहून उत्तरं दिली. पण मिसिसिपीत शेती खात्याच्या म्हाताऱ्या कमिशनरनं तिला काय विचारलं, तर ब्लूबेरी मफिन करता येतात का. आपल्याकडे मुलगी बघायला आल्यावर पोळ्या येतात का विचारावं तसं. ती म्हणाली येतात की, तुम्हाला येतात का? तर म्हणे आमच्या मिसिसिपीत पुरुष स्वयंपाक करत नाहीत. टीव्हीवर एकानं विचारलं की अणुबॉम्बचं बटण दाबायला तुम्ही पुरेशा खंबीर आहात का. समोर सिनियर बुश होता, त्याला कोणी मफिनचं विचारलं नाही. आणि बायकांची मतं? रीगनला ५६ टक्के बायकांनी मत दिलं, पुरुषांनी ६२. तिथेही बाप्येच पुढे.

राहिलं ते शेवटचं, "बाई घेतली की तिकीट बुडतं". हे वाक्य २०२० ला संपायला हवं होतं, कमला हॅरिसला घेऊन बायडेन ५३८ पैकी ३०६ इलेक्टोरल (राज्यवार प्रतिनिधींची) मतं मिळवून जिंकला. पण लगेच उलटा मेसेज पण आला की कमलामुळे बायकांनी जिंकवलं, आपल्याकडे तर आई चेन्नईची म्हणून जास्तच. तोही तसाच पोकळ. ५५ टक्के गोऱ्या बायका तेव्हाही ट्रम्पबरोबरच होत्या. काळ्या बायकांची मतं ओबामाला २००८ मध्ये ९६ टक्के, हिलरीला २०१६ मध्ये ९४, आणि कमला स्वतः तिकिटावर असताना बायडेनला ९०.